एचएसए आधी उघड, पैसे सावकाश भर

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करतोयस, म्हणजे अमेरिकेतला आरोग्यविमा आता तुझा तुलाच बघायचाय. स्वस्त प्रीमियम बघून भुलू नकोस. कागदावर वर्षभराचा प्रीमियम लिही, त्यात ‘आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम’, म्हणजे वर्षभरात उपचारांसाठी खिशातून जास्तीत जास्त जाऊ शकणारी रक्कम, मिळव. आजारपण आलं तर एवढी झळ सोसेल का, ते आधी बघ. नेहमीचे डॉक्टर त्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहेत का आणि रोजची औषधं यादीत आहेत का, हेही फोन करून विचार.

एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, ठराविक विमा प्लॅनसोबतच उघडता येणारं, उपचारांसाठी पैसे साठवायचं खातं. २०२६पासून मार्केटप्लेस या सरकारी विमाबाजारावरचे कमी प्रीमियमचे ब्रॉन्झ प्लॅनही त्याला चालतात, त्यामुळे पर्याय वाढलेत. २०२६मध्ये एकट्यासाठी ४,४०० डॉलरपर्यंत भरता येतात, कुटुंबासाठी ८,७५०. त्यावर फेडरल कर नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीचा राज्य कर मात्र लागतो.

विमा सुरू झाला की त्याच आठवड्यात खातं उघड, पन्नास डॉलर टाकून का होईना. आम्ही ‘बघू नंतर’ म्हणालो, आणि जानेवारीत लेकाचं मनगट मोडलं. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, अजून कोरं, म्हणून इमर्जन्सीचं आख्खं बिल आमच्यावर. खातं फेब्रुवारीत उघडलं. त्याआधीचा खर्च त्यातून काढता येत नाही. हिरव्या प्लास्टरवर मित्रांच्या सह्या घेत पोरगं हसत होतं आणि आम्ही हप्ते ठरवत होतो.

वर्षभर औषधं चालू असतील किंवा बाळंतपण जवळ असेल, तर मी असा मोठ्या डिडक्टिबलचा, एचएसएवाला प्लॅन घे म्हणणार नाही.