मित्र कुणी खेळत नाहीत, तरी ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम एकट्याने सुरू करावा का?

सुरू करा. आणि ज्या मित्राने तुम्हाला "एकट्यानेच खेळायचं तर ऑनलाइन कशाला, साधा ऑफलाइन रोल-प्लेइंग गेम घे" असं सांगितलंय, त्याचं या बाबतीत अजिबात ऐकू नका. तुमच्या प्रश्नातलं ते वाक्य वाचूनच मी लिहायला बसले. अगदी याच शब्दांत ते मी माझ्या सख्ख्या भावाकडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: एकट्याने मजा येते का, पुढे जाऊन अडकायला होतं का, आणि कुठला गेम घ्यावा. तिसऱ्याचं उत्तर कुठेही मिळेल. मला पहिल्याबद्दल बोलायचंय.

मला फायनल फॅन्टसी फोर्टीन या ऑनलाइन गेममध्ये ओढलं ते या भावानेच, दादाने. त्याच्या ग्रुपमध्ये हीलर, म्हणजे लढताना सोबत्यांच्या जखमा भरून काढणारा, कमी पडत होता, म्हणून मी हीलर झाले. मला काय आवडतं हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही. "तू कॉन्ज्युरर घे, पुढे व्हाइट मेज होशील, आपलं काम होईल," एवढंच. (दोन्ही हीलरचेच प्रकार.) मंडळी माझ्या कितीतरी पुढे होती, त्यामुळे मला त्यांच्या लेव्हलला आणायची घाई. क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, देणारं पात्र दोन वाक्यं बोलतंय न बोलतंय, तोच हेडसेटमधून दादाचा आवाज यायचा, "स्किप कर गं, काही नसतं त्यात." मी स्किप करायचे. माझ्यासाठी बाकीचे खोळंबलेत ही टोचणी असली की माणूस सगळंच स्किप करतो.

रात्रीची वेळ ठरलेली. यायला जमणार नसेल तर आधी कळवायचं, कारणासकट. ग्रुपचा म्होरक्या वाईट माणूस नव्हता, पण हजेरीच्या बाबतीत त्याच्यासारखा कडक वरिष्ठ मला नोकरीतही भेटला नाही. खेळताना माझी नजर कायम पार्टी लिस्टवर, म्हणजे संघातल्या आठ जणांच्या हेल्थ बारवर. कोणाचा बार खाली येतोय, कोणाला आधी सावरायचं, बस. समोर एवढा मोठा बॉस, म्हणजे मुख्य शत्रू, उभा असायचा, त्याच्यासाठी कुणीतरी खास संगीत रचलेलं असायचं, आणि मला तो धड दिसायचाही नाही.

साधं सस्ताशाचं उदाहरण घ्या. लेव्हल १५ चा, कथेतला पहिलाच डन्जन (संघाने शत्रूंना मारत पार करायची बंदिस्त जागा), समुद्रकाठची चाचे लोकांची गुहा. आत शिरल्यावर एके ठिकाणी रक्ताने माखलेली चिठ्ठी पडलेली असते. तिच्यात एका रंगाचा उल्लेख असतो: लाल, हिरवा किंवा निळा. पुढे त्या तीन रंगांची प्रवाळं दिसतात. चिठ्ठीतल्या रंगाचं प्रवाळ निवडलं की पुढची वाट उघडण्याचा मार्ग सापडतो, चुकीचं निवडलं की शत्रू अंगावर येतात. बाळबोध कोडं आहे, पण आहे गोड. ग्रुपसोबत मी त्या गुहेत कितीदा गेले असेन, आणि तिथे काही कोडं आहे हेच मला ठाऊक नव्हतं! टँक (शत्रूंचे वार अंगावर घेणारा खेळाडू) पुढे पळायचा, आम्ही त्याच्या मागे, आणि मी पोचेपर्यंत कुणीतरी योग्य प्रवाळ निवडून मोकळं झालेलं असायचं.

मग व्हायचं तेच झालं. लुटीच्या वाटणीवरून म्होरक्याचं आणि आणखी दोघांचं बिनसलं, ग्रुप फुटला, दादाच्या कामाच्या वेळा बदलल्या आणि त्याने गेम सोडला. सोडताना मला म्हणाला, "आता तू एकटी काय खेळणार? दुसरा एखादा ऑफलाइन गेम घे." तेव्हा मी त्याला काही बोलले नाही. दुसऱ्या सर्व्हरवर नवं कॅरेक्टर केलं आणि त्यालाही सांगितलं नाही.

या वेळी आर्कॅनिस्ट घेतला, कारण मला पुस्तक हातात धरून लढणारं कॅरेक्टर आवडलं. हेडसेट काढून ठेवला. लिम्सा लोमिन्सा या गेममधल्या बंदराच्या शहरापासून सुरुवात झाली आणि मी प्रत्येक संवाद वाचला, अगदी फालतू क्वेस्टचेसुद्धा. सस्ताशाला अनोळखी खेळाडूंऐवजी ड्यूटी सपोर्ट निवडला, म्हणजे सोबतचे तिघे एनपीसी, गेमच चालवतो ती पात्रं. ते माझ्या चालीने चालले. मी चिठ्ठी वाचायला थांबले तर तेही थांबले. प्रवाळाचा रंग मी स्वतः निवडला. इतकी साधी गोष्ट, पण त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की हा गेम मी खेळतेय.

आता दादाचा आवडता मुद्दा: मग हे सगळं ऑफलाइनही मिळतंच की. नाही मिळत. एकदा उघड्या मैदानातल्या फेटमध्ये, म्हणजे जाता-येता कुणालाही सामील होता येईल अशा लढतीत, मी मेले. परत जायचं की पडून राहायचं याचा विचार करत होते, तेवढ्यात माउंटवर स्वार होऊन चाललेलं कुणीतरी खाली उतरलं, मला रेझ दिलं, म्हणजे पुन्हा जिवंत केलं, वाकून नमस्काराचा इमोट केला आणि निघून गेलं. नाव वाचायलाही धड वेळ मिळाला नाही. लिम्साच्या एथेराइटभोवती, म्हणजे प्रवासासाठीच्या मोठ्या स्फटिकाभोवती, कायम गर्दी असते, नवे पोशाख मिरवणारे असतात, मध्येच कुणी बार्ड होऊन खरोखर वाद्य वाजवत बसलेला असतो आणि आजूबाजूला पाचदहा जण ऐकत उभे असतात. मी त्यांच्यातल्या कुणाशीही बोलत नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ती माणसं खरी आहेत आणि त्यांच्यात मी आहे, हे मला हवं असतं. जत्रेत एकट्याने फिरणाऱ्या माणसाला आपण "मग घरीच थांबायचं होतंस" असं म्हणतो का?

आणि हे माझ्या एकटीचं खूळ नाही. २००६ मध्ये संशोधक निकोलस ड्यूशेनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन गेममधल्या खेळाडूंचं निरीक्षण करून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं की, विशेषतः सुरुवातीच्या लेव्हलना, लोक बराचसा वेळ पार्टीबाहेर, एकेकटेच खेळतात. बाकीचे खेळाडू त्यांना प्रेक्षक म्हणून, बघायला मिळणारं दृश्य म्हणून आणि आसपास कुणीतरी असल्याची नुसती जाग म्हणून हवे असतात. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९९६ मध्ये, पहिल्या मडचा, म्हणजे केवळ शब्दांत चालणाऱ्या सुरुवातीच्या ऑनलाइन खेळाचा, सहनिर्माता रिचर्ड बार्टल याने अशा खेळांतल्या माणसांचे चार प्रकार मांडले होते: काहीतरी साध्य करणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि इतरांना मारणारे. चारांतला एकच गप्पांसाठी येतो. मी दुसऱ्या प्रकारातली, दादा पहिल्या. त्याला तसं खेळायला माझी ना नाही, पण त्याने माझ्या प्रकाराला "वेळेचा अपव्यय" म्हणायचं काही कारण नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, अडकायला होतं का. पूर्वी व्हायचं. जुन्या वॉरक्राफ्टमधल्या मोल्टन कोर या रेडसाठी, म्हणजे मोठ्या सामूहिक मोहिमेसाठी, चाळीस माणसं जमवावी लागत, तिथे एकट्याचं काय चालणार! पण गेल्या काही वर्षांत कंपन्यांनीच वारं ओळखलंय. फायनल फॅन्टसी फोर्टीनमध्ये मूळ कथेच्या शेवटी आठ जणांचे दोन डन्जन होते. नवखा कटसीन (कथा सांगणारी दृश्यं) बघत बसला की जुने खेळाडू तोवर बॉस मारून मोकळे व्हायचे. मग कटसीन स्किप करता येणार नाहीत असं केलं, तर जुने लोक वैतागले. शेवटी एप्रिल २०२२ च्या ६.१ पॅचमध्ये ते दोन्ही डन्जन चौघांचे करून नव्याने बांधले आणि ड्यूटी सपोर्टही आणला. थोडक्यात, "स्किप कर गं" या आवाजापायी कंपनीला आपल्या कथेचा शेवट पुन्हा बांधावा लागला. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो विषय बदलून मोकळा झाला.

वॉरक्राफ्टमध्येही जानेवारी २०२४ पासून फॉलोअर डन्जन आहेत, म्हणजे एनपीसी सोबत्यांना घेऊन जायचं, आणि त्याच वर्षी आलेले डेल्व्ह, म्हणजे छोट्या मोहिमा, एकट्यालाही खेळता येतात. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये २०१६ च्या वन टॅम्रिएलपासून कुठल्याही भागात केव्हाही जाता येतं, गेम तुमची पातळी जुळवून घेतो. गिल्ड वॉर्स टूमध्ये मला सगळ्यात आवडतं ते हे की दुसरा खेळाडू शेजारी आला तर आपलं काही कमी होत नाही: त्याने खणलेली खाण आपल्यालाही खणता येते, शत्रूवर दोघांनी वार केले तर बक्षीस दोघांनाही मिळतं. आणि ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये २०१४ पासून आयर्नमॅन हा प्रकार आहे, ज्यात इतरांशी व्यवहारच करता येत नाही, सगळं स्वतः मिळवायचं. एकट्याने खेळायला अर्थ नसता तर त्यासाठी वेगळा मोड कुणी काढला असता का?

तरी काही ठिकाणी माणसं लागतातच. फायनल फॅन्टसीत क्रिस्टल टॉवरचे चोवीस जणांचे रेड मुख्य कथेसाठी करावेच लागतात. पण त्यासाठी मित्र लागत नाहीत, रांगेत नाव टाकायचं आणि गेम अनोळखी लोक जमवून देतो. पार्टीत कुणी नवीन असेल तर बाकीच्यांना जादा बक्षीस मिळतं, त्यामुळे तुमच्या नवखेपणावर सहसा कुणी खेकसत नाही. सुरुवातीलाच "पहिल्यांदा आलोय" एवढं लिहा. मी दरवेळी लिहिते, आणि बहुतेक वेळा कुणीतरी दोन ओळींत काय करायचं ते सांगतं. डीपीएस, म्हणजे मुख्यतः मारा करणारं कॅरेक्टर, घेतलात तर रांगेत जास्त ताटकळावं लागेल, टँक किंवा हीलरला लवकर बोलावणं येतं. पण लवकर बोलावणं येतं म्हणून हीलर होऊ नका. ते कशासाठी सांगतेय हे एव्हाना कळलं असेल.

गेम कुठला म्हणाल तर कथा हवी असेल तर फायनल फॅन्टसी, भटकायचं असेल तर गिल्ड वॉर्स टू किंवा एल्डर स्क्रोल्स. पैसे लगेच घालू नका. फायनल फॅन्टसीचा फ्री ट्रायल ऑक्टोबर २०२३ पासून लेव्हल ७० पर्यंत, दोन एक्सपान्शनसकट (मूळ गेमला जोडलेल्या पुढच्या भागांसकट) आहे आणि त्याला दिवसांची मर्यादा नाही. मात्र पूर्ण गेम विकत घेतला की त्या अकाउंटवर ट्रायलला परत येता येत नाही, म्हणून घाईने "बाय" दाबू नका. वॉरक्राफ्ट लेव्हल २० पर्यंत फुकट आहे. गिल्ड वॉर्स टूला मासिक वर्गणी मुळातच नाही.

आता दादाच्या बाजूचं जे खरं आहे तेही लिहिते. सर्वांत कठीण रेड, फायनल फॅन्टसीतले सॅव्हेज वगैरे, तुम्हाला खुणावत असतील तर ठरलेली आठ माणसं लागतीलच. ती पुढे शोधता येतात, पण शोधावी लागतात. दुसरं, ऑनलाइन जग कंपनीच्या मर्जीवर चालतं. सिटी ऑफ हीरोज हा ऑनलाइन गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद झाला आणि लोकांची वर्षानुवर्षांची कॅरेक्टर्स एका दिवसात गेली. दहा वर्षांनी पुन्हा उघडून खेळता येईल असाच गेम हवा असेल तर ऑफलाइनच घ्या, तिथे तुमचा मित्र बरोबर आहे. तिसरं, एकट्याने खेळताना "चल, उद्या लवकर उठायचंय" म्हणणारं कुणी नसतं, तेव्हा गेमसमोरून किती वाजता उठायचं ते लॉगिनच्या आधी ठरवा. आणि जर तुम्ही मुळात माणसांच्या सहवासासाठीच गेम शोधत असाल, रोज बोलायला कुणी हवं असेल, तर नुसत्या गर्दीने ते भागणार नाही. मग एखादं लहानसं, हजेरी न मागणारं गिल्ड, म्हणजे खेळाडूंचं मंडळ, बघा. अशीही असतात.

शेवटचं. तुम्हाला खेळताना बघून उद्या तो मित्रही येईल, असे मित्र येतातच. आला तर त्याच्याबरोबर खेळायला वेगळं कॅरेक्टर करा. कथेत तुम्ही जिथवर आलाय ते कॅरेक्टर त्याच्या वेगाने पुढे ढकलू नका, एकदा उलगडलेली गोष्ट पहिल्यांदा पुन्हा वाचता येत नाही. दादा मागच्या एक्सपान्शनला परत आला. तो बोलावतो तेव्हा मी जुन्या व्हाइट मेजवर जाते, त्याच्यासोबत मनापासून खेळते, आम्हाला मजाही येते. पण आर्कॅनिस्टचं नाव आणि सर्व्हर तो अजून विचारतो आणि मी ते त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.