जुलैच्या शनिवार-रविवारी उत्तर मिनेसोटात पहिलं कॅम्पिंग: सह्याद्रीतल्या ट्रेकचा अनुभव पुरेल का?

तुम्ही दोघं मिनियापोलिसला नवीन, हाताशी शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंतचा वेळ, टेंट घरात आहे आणि सह्याद्रीत बरेच किल्ले झालेत. प्रश्न असा की थेट बाउंड्री वॉटर्सला (कॅनडाच्या सीमेलगतचं तळ्यांचं संरक्षित जंगल) जावं की लेक सुपिरिअरच्या काठाने. पहिल्या खेपेला काठच धरा. बाउंड्री वॉटर्समध्ये १ मे ते ३० सप्टेंबर मुक्कामासाठी मर्यादित संख्येतलं परमिट लागतं. कनू (लांबट हलकी होडी) वल्हवता आली पाहिजे, आणि दोन तळ्यांच्या मधे ती खांद्यावर घेऊन चालावं लागतं. टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. दोन दिवसांतला निम्मा वेळ सामान हलवण्यातच जाईल.

काठावर माझी पसंती सिल्व्हर बे गावाला. मिनियापोलिसहून साधारण साडेतीन तास. डुलुथ शहरापर्यंत आय-३५ महामार्ग, पुढे हायवे ६१. गावाच्या वरच्या अंगाला पेन बुलेव्हार्डवर गाडी लावून बीन आणि बेअर या जोडतळ्यांची फेरी करायची, जवळजवळ ७ मैल. याचा मोठा भाग सुपिरिअर हायकिंग ट्रेलवरून जातो. त्या ट्रेलवरच्या कॅम्पसाइट फुकट आहेत, परमिट नाही, बुकिंगही नाही. पण जागा वाटून घ्यावी लागते, 'आम्ही आधी आलो' चालत नाही. बेअर लेकची जागा उन्हाळ्यात शनिवारी दुपारीच भरते. म्हणून सकाळी लवकर निघा, नाहीतर अलीकडच्या पेन क्रीकला टेंट टाकून तळी रिकाम्या पाठीने बघून या. (संडास म्हणजे जंगलात ठेवलेली झाकणाची पेटी, बऱ्याच ठिकाणी भिंतींशिवाय. मनाची तयारी ठेवा.) स्टेट पार्कात शॉवर वगैरे हवं असेल तर टेटेगूश आहे, पण तिथलं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं आणि जुलैचे शनिवार-रविवार लगेच संपतात. आता फक्त कोणी रद्द केलेल्या जागेवर डोळा ठेवता येईल.

चढाची काळजी नको. सह्याद्री केलेल्या माणसाला इथला चढ किरकोळ वाटेल. वेग मात्र मंदावतो, कारण वाटभर मुळं, चिखल आणि दलदलीवर टाकलेल्या ओल्या फळ्या. पाठीवर सॅक असताना तासाला २ मैलांपेक्षा जास्त धरू नका. खरी परीक्षा संध्याकाळनंतर असते: डास, गोचीड आणि गारठा.

डासांसाठी अंगाला २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकॅरिडिन असलेलं डास पळवणारं औषध. ओडोमॉसच्या भरवशावर राहू नका. कपडे, मोजे आणि बुटांवर ०.५ टक्के परमेथ्रिन (गोचीड-डास मारणारं औषध) निघायच्या एक-दोन दिवस आधी घराबाहेर फवारा आणि पूर्ण वाळू द्या. साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतं. ते त्वचेवर लावायचं नाही, आणि घरी मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब ठेवा. डोक्यावरून घ्यायची जाळी काही डॉलरांत मिळते, तिचा संकोच करू नका. जुलैत अंधार व्हायला साडेनऊ वाजतात आणि डास त्याच्या आधीचा तासभर सर्वात जास्त चावतात. तेव्हा जेवण आठच्या आत उरका.

गोचीड हा इथला खरा धोका, अस्वल नव्हे. तिळाएवढी काळ्या पायांची गोचीड लाइम रोग (जिवाणूंमुळे होणारा आजार) देते, पण त्यासाठी ती साधारण दिवसभर तरी चिकटून राहावी लागते. म्हणून पॅण्ट मोज्यात खोचा आणि रोज रात्री गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला एकमेकांना तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. काडी लावणं, तेल ओतणं नको. पुढच्या महिनाभरात पसरणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचिडीबद्दल आवर्जून सांगा.

रात्री तापमान १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतं, कारण लेक सुपिरिअरचं पाणी जुलैतही बर्फगार. मुंबईची चादर आणि योगा मॅट यावर झोप लागणार नाही. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते. ५ अंशांच्या आसपास उबदार राहणारी स्लीपिंग बॅग आणि फुगवायची मॅट घ्या. टेंटखालचं प्लॅस्टिक टेंटच्या तळापेक्षा चारही बाजूंनी थोडं लहान ठेवा. बाहेर डोकावलं की पावसाचं पाणी त्यावर साचून थेट तुमच्या खाली येतं. आणि टेंट ठोकायच्या आधी वर बघा: या काठावर वाळून उभी राहिलेली बर्चची झाडं पुष्कळ आहेत, वाऱ्यात ती पडतात.

अस्वलं काळी आणि बुजरी, पण नाक तिखट. खाणं, कचरा, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन सगळं एका पिशवीत घालून टेंटपासून लांब टांगायचं: जमिनीपासून १२ फूट, खोडापासून ६ फूट. ५० फूट दोरी लागते. इथल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या फांद्या बारीक असल्याने योग्य झाड शोधण्यातच वैताग येतो, तेव्हा हे काम उजेडातच करा किंवा अस्वलाला न उघडणारा प्लॅस्टिकचा डबा भाड्याने घ्या. हिंग-गोड्या मसाल्याची पुडीसुद्धा त्यातच. जेवणाला घरून तयार करून नेलेलं सुकं मिश्रण बरं: दडपे पोहे, फोडणी घातलेला उपम्याचा रवा, मेतकूट. दोघांना एका रात्रीला १०० ग्रॅमची गॅसची डबी पुरते.

तीन दगडांची चूल मांडायची सवय इथे सोडा. शेकोटी फक्त कॅम्पसाइटवरच्या लोखंडी किंवा दगडी कड्यात, तीही त्या दिवशी बंदी नसेल तर. मिनियापोलिसहून लाकूड आणू नका. अ‍ॅश झाडं मारणारी कीड लाकडातून पसरते, जिथे जाळायचं तिथलंच वापरा. झोपण्यापूर्वी पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, राखेला हात लावता आला पाहिजे.

पाणी चहाच्या रंगाचं दिसेल. तो झाडपाल्याचा रंग, त्याने काही होत नाही. बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्यामुळे जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी मात्र असू शकतो. ०.१ मायक्रॉनचा फिल्टर वापरा, नाहीतर खळखळून एक मिनिट उकळा. फिल्टर गोठू देऊ नका, हे पुढे ऑक्टोबरात गेलात तर लक्षात ठेवा.

ट्रेलवर मोबाइलला रेंज धरून चालू नका. नकाशा घरीच डाउनलोड करा. रविवारी वेळ उरला तर टेटेगूशमध्ये बॅप्टिझम नदीचा हाय फॉल्स, सुमारे ६० फुटांचा, येता-जाता तीनेक मैल. गाडीला स्टेट पार्कचा दिवसाचा परवाना लागतो.

घरी आल्यावर ट्रेकचे कपडे धुण्याआधी दहा मिनिटं ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर फिरवा. कोरड्या उष्णतेने गोचीड मरते, कोमट धुण्यात ती जगू शकते.