माज, उलटणं, भाकड : गोठ्यातले शब्द पागेत चालतील का?

प्रश्न असा आहे : घोड्यांच्या पैदाशीवरची एक माहितीपुस्तिका मराठीत आणायची आहे. ‘हीट’साठी, म्हणजे मादी नर घ्यायला तयार असते त्या काळासाठी, ‘माज’ लिहावं, की तो शब्द उर्मटपणाचा वाटतो म्हणून ‘ऋतुकाल’ बरा? आणि उलटणं, गाभण, भाकड, वांझ हे गाई-म्हशींचे शब्द घोडीला जसेच्या तसे लावता येतील का?

माज लिहा, गाभण लिहा, व्याली लिहा. उलटणं जपून वापरा, भाकड टाळा आणि वांझ लिहिण्याआधी मूळ वाक्य दोनदा वाचा. शब्द गोठ्यातून पागेत खुशाल न्या, फक्त त्याला चिकटलेले गाईचे तास आणि दिवस सोबत जाऊ देऊ नका. अशा पुस्तिकांत खऱ्या चुका होतात त्या तिथेच.

आधी माज. संस्कृत माद्यति, प्राकृत मज्जइ, त्यावरून मराठी माजणं. मूळ अर्थ धुंद होणं. माणसाला माज चढतो, तो माज करतो, कुणीतरी त्याचा माज उतरवतं. जनावर मात्र माजावर येतं, माजाला येतं, माज दाखवतं. मराठीने क्रियापद आणि विभक्ती इतकी वेगळी ठेवली आहे की गोंधळाला जागाच नाही. ‘घोडी माजावर आली’ वाचून ती उर्मट झाली असं कुणी समजणार नाही.

‘ऋतुकाल’ इथे दोन कारणांनी अडचणीचा. एक म्हणजे घोडी हंगामी जनावर आहे. दिवस मोठा होऊ लागला की तिची माजचक्रं सुरू होतात आणि हिवाळ्यात बहुतेक घोड्यांची थांबतात. थंड देशांतल्या शेळ्या-मेंढ्यांचं नेमकं उलटं, दिवस लहान होऊ लागला की त्या माजावर येतात. घोड्यांच्या पुस्तिकेत ऋतू हा शब्द खऱ्याखुऱ्या ऋतूसाठी लागणारच, मग ‘या ऋतूत ऋतुकाल लवकर यावा म्हणून’ असलं काहीतरी लिहिण्याची वेळ येते. दुसरं म्हणजे ऋतू म्हटलं की वाचकाला पाळी आठवते. गाईला माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत कधीकधी रक्तमिश्रित बळस, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, दिसतो. ती पाळी नव्हे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हॉर्मोन) एकदम उतरल्यामुळे गर्भाशयाच्या अस्तरातून थोडं रक्त पाझरतं, इतकंच. त्यावरून गाय ठरली, म्हणजे गाभण राहिली, की नाही, काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच की माज होऊन गेला. तारीख लिहून ठेवायची आणि साधारण अठरा-एकोणीस दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवायचं.

‘उष्णतेवर आली’ तर नकोच. त्याच पुस्तिकेत पुढे उन्हाच्या तडाख्याने जनावरावर येणाऱ्या ताणाचं प्रकरण असेल, आणि ‘उष्णतेमुळे उष्णता कमी दिसते’ असं वाक्य छापून येईल. ‘गरम झाली’ म्हणजे ताप आला, असाही अर्थ होतो.

आता मुख्य मुद्दा. माज हे वागण्याचं नाव आहे. बीजांडकोशातून स्त्रीबीज सुटण्याचं, म्हणजे अंडमोचनाचं, नाही. वाढत्या पुटकातून, म्हणजे बीज ज्यात पिकतं त्या पाण्याच्या फोडातून, इस्ट्रोजेन येतं, ते मेंदूवर चढतं आणि मादी नराला उभी राहते, तो माज. बीज सुटतं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एलएच या संप्रेरकामुळे. या दोन घटना जोडलेल्या आहेत, पण एक नाहीत, आणि त्यांच्यातलं अंतर प्रत्येक जनावरात वेगळं आहे. गाईचं चक्र सरासरी 21 दिवसांचं, माज जेमतेम 12 ते 18 तास, आणि बीज सुटतं ते माज संपल्यावर 10 ते 14 तासांनी. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा (वळू दाखवा किंवा कृत्रिम रेतन करा), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम.

घोडीचंही चक्र 21-22 दिवसांचंच. वरवर सारखं दिसतं आणि तिथेच फसगत होते. तिचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि बीज माज संपण्यापूर्वी 24 ते 48 तासांत, म्हणजे माज चालू असतानाच, सुटतं. गाईचा सकाळ-संध्याकाळचा नियम तिला लावला तर पहिल्याच दिवशी घोडा दाखवून, म्हणजे भरवून, मोकळं व्हाल आणि बीज सुटेल चार-पाच दिवसांनी. तपासणीची सोय नसेल तर माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माज संपेपर्यंत दिवसाआड घोडा दाखवतात. सोनोग्राफी असेल तर पुटक 35 मिलिमीटरच्या पुढे गेलं आणि गर्भाशयाच्या अस्तराला सूज दिसली की अंडमोचनाचं इंजेक्शन देतात. त्यानंतर साधारण 36 ते 48 तासांत बीज सुटतं. गोठवलेलं रेत असेल तर वेळ आणखी काटेकोर सांभाळावी लागते, कारण ते ताज्या रेताइतकं टिकत नाही.

हिवाळा संपताना घोडीत आणखी एक गंमत होते. पुटकं वाढतात, माज दिसतो, लांबतो, कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो, पण बीज सुटतच नाही. माज आहे, अंडमोचन नाही. म्हशीत याच्या उलट. बीज वेळेवर सुटतं, पण माज दिसत नाही. त्याला आपल्याकडे ‘मुका माज’ असा फार नेमका शब्द आहे. या दोन्ही अवस्था शेजारी ठेवल्या की ‘ओव्ह्युलेशन’ला माज का म्हणू नये ते स्पष्ट होईल. तिथे ‘अंडमोचन’ किंवा सरळ ‘बीज सुटणं’ लिहा.

माजाची लक्षणंही गाईवरून उचलू नका. गाय दुसऱ्या गाईला अंगावर चढू देते, हंबरते, काचेसारखा सोट (पारदर्शक बळस) टाकते. घोडी एकटी असेल तर काहीच दाखवणार नाही. घोडा समोर आला की शेपूट उचलते, मागचे पाय फाकवून थोडी थोडी लघवी करते आणि योनीमुखाची उघडझाप करते. माजावर नसेल तर कान मागे पाडून लाथ मारते. म्हणून तपासताना दोघांच्या मध्ये भक्कम आडोसा हवा.

उलटणं. ‘गाय उलटली’ म्हणजे भरवल्यावर ठरली नाही, पुन्हा माजावर आली. किती दिवसांनी उलटली यावरून बरंच कळतं. 18 ते 24 दिवसांनी उलटली तर गर्भ ठरला नाही किंवा अगदी सुरुवातीलाच गेला. त्याच्या पुढे, महिना-सव्वा महिन्याने उलटली तर गर्भ ठरून नंतर गेला असण्याची शक्यता मोठी. दहा-बारा दिवसांनीच उलटली तर दोनपैकी एक माज ओळखण्यात चूक झाली. नियमित माजावर येणारी, वरकरणी निरोगी गाय तीन किंवा अधिक वेळा भरवूनही ठरली नाही की ‘वारंवार उलटणारी’ हा शिक्का बसतो.

घोडीबाबत ‘उलटली’ म्हणायला हरकत नाही, पण ‘उलटली नाही म्हणजे गाभण’ हे तिच्यात फार धोक्याचं. गर्भ 36-38 दिवसांचा झाला की त्याच्या काही पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरून वाटीसारख्या गाठी करतात आणि एक वेगळंच संप्रेरक सोडू लागतात. त्यानंतर गर्भ मेला तरी गाठी आपलं काम चालूच ठेवतात, साधारण चार महिन्यांपर्यंत. तोवर घोडी नीट माजावर येत नाही. या संप्रेरकावर आधारलेली रक्ततपासणीसुद्धा ‘गाभण’ सांगते, पोटात काही नसताना. हंगाम हातचा जातो. म्हणून 14 ते 16 दिवसांची सोनोग्राफी. त्या वेळी जुळं सापडलं तर एक गर्भ दाबून काढता येतो. पुढे गर्भ जागेवर बसला की ते अवघड होतं, आणि घोडीला जुळं म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही गमावणं.

गाभण हा गर्भिणीचाच तद्भव. गाय, म्हैस, शेळी, घोडी, गाढवी, सगळ्यांना चालतो. गर्भ गेला तर ‘गाभडली’ किंवा ‘गाभ टाकला’. इथे एक इशारा पुस्तिकेत ठळक जायला हवा : प्रोस्टाग्लॅंडिनला सर्रास ‘माजावर आणायचं इंजेक्शन’ म्हणतात. ते माज निर्माण करत नाही, बीजांडकोशावरचा पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर तिथे होणारी गाठ, मोडतं. पीतपिंड मोडला की त्यातून येणारं, गाभ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि माज येतो. बीज सुटून पाच दिवस झाले नसतील तर कोवळा पीतपिंड दाद देत नाही, इंजेक्शन वाया. आणि जनावर गाभण असेल तर तेच इंजेक्शन गाभ पाडू शकतं. काही गाई गाभण असतानाही माज दाखवतात, त्यामुळे आधी तपासणी, मग सुई. हे औषध कातडीतून शरीरात जातं, म्हणून गर्भवती बाईने आणि दम्याच्या माणसाने ते हाताळूच नये.

भाकड आणि वांझ यांची गल्लत मराठी लिहिणारेही करतात. भाकड हा कासेचा शब्द आहे, वांझ गर्भाशयाचा. सात महिन्यांची गाभण गाय दूध आटवून भाकड केलेली असते. तिला वांझ म्हणणं म्हणजे वेडेपणा. भाकडकथा या शब्दातही हेच, ज्यातून काही निघत नाही ती. घोडी दुधासाठी पाळलेली नसेल तर तिला भाकड म्हणण्यात अर्थ उरत नाही.

खरा सापळा इंग्रजी ‘बॅरन’चा. कोश वांझ सांगेल. घोड्यांच्या पैदाशीत ‘बॅरन’ म्हणजे गेल्या हंगामात घोडा दाखवूनही रिकामी राहिलेली घोडी. पुढच्या हंगामात ती ठरू शकते, कित्येक ठरतात. तिला ‘रिकामी राहिलेली’ म्हणा. वांझ हा शब्द जी कधीच ठरणार नाही तिच्यासाठी राखून ठेवा, उदाहरणार्थ गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली कालवड. अशा कालवडींपैकी दहातल्या नऊ वांझ निघतात.

संप्रेरक आणि हॉर्मोन, दोन्ही चालतील. फक्त संप्रेरक आणि विकर यांची अदलाबदल नको, विकर म्हणजे एन्झाइम. ‘स्त्री-संप्रेरक’ असं इस्ट्रोजेनला म्हणणं घोड्यांच्या पुस्तिकेत तरी टाळा. वळू-घोड्याच्या लघवीत इस्ट्रोजेनचं प्रमाण प्रचंड असतं, हे संप्रेरकांचे अभ्यासक झोंडेक यांनी 1934 सालीच दाखवलं होतं.

मेटाबॉलिझमला पचन म्हणू नका. चय म्हणजे बांधणं, अपचय म्हणजे मोडणं, दोन्ही मिळून चयापचय. इन्सुलिनची घडी बिघडलेल्या तट्टाला धान्य उत्तम पचतं, आणि तरीही किंवा त्यामुळेच खुरांतल्या ऊतींना सूज येऊन ते लंगडतं. गाय व्याल्यावर उपाशी पडली की चरबी मोडून किटोसिस होतो, म्हणजे रक्तात आणि लघवीत किटोन वाढतात. लठ्ठ गाभण तट्टू किंवा गाढवी उपाशी पडली तर किटोन फारसे वाढत नाहीत, रक्तच चरबीने भरतं आणि यकृत बिघडतं. तिथे ‘किटोसिस’ लिहिलं तर वाचणारा लघवीची पट्टी बघून निर्धास्त होईल.

शेवटचा शब्द वार, म्हणजे व्याल्यावर बाहेर पडणारी गर्भाची झार (प्लॅसेंटा). गाय, घोडी दोघींचीही वारच. पण गाईची वार 12 तासांपर्यंत पडली नाही तरी लोक थांबतात, आणि तो आकडा सवयीने घोडीच्या पानावर उतरतो. घोडीची वार तीन तासांत पडायला हवी. त्यापुढे अडकलेला छोटासा तुकडाही विषबाधा आणि खुरांची सूज ओढवतो. ओढू नका. लोंबणारा भाग गाठ मारून वर बांधा म्हणजे पायाखाली येणार नाही, आणि तीन तास होताच पशुवैद्याला बोलवा. पडलेली वार फेकू नका, ती जमिनीवर पसरून तिची दोन्ही शिंगं, म्हणजे गर्भाशयाच्या दोन फाट्यांत बसलेले भाग, टोकापर्यंत शाबूत आहेत का ते पाहतात.