गर्भपातासाठी नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागते का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय चोवीस, लग्न झालेलं नाही, शेवटच्या पाळीपासून साडेसहा आठवडे झालेत. दोन खाजगी दवाखान्यांत जाऊन आलीस. एकीकडे काउंटरवरच्या बाईंनी ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून सांगितलं, दुसरीकडे आईची सही मागितली. लग्न न झालेल्या मुलीला आपल्या देशात गर्भपाताची परवानगीच नाही का, आणि सही नक्की कोणाची लागते, हे तुला हवंय.

सही तुझी लागते. एकटीची. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईच्या गर्भपाताला नवरा, आई, वडील, सासू, मित्र यांपैकी कोणाचीही संमती कायदा मागत नाही. अपवाद एकच, मानसिक आजार असलेल्या बाईचा. तिच्या बाबतीत पालकाची लेखी संमती लागते. लग्नाचा यात काही संबंध राहिलेला नाही.

(वयाने तुझ्याहून बरीच मोठी आहे म्हणून ‘तू’ म्हणतेय. राग मानू नकोस.)

इतक्या ठामपणे सांगते त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. तालुक्याच्या गावातल्या एका नर्सिंग होममध्ये मी सोळा वर्षं काउंटर आणि रजिस्टरं सांभाळली. त्यातली निदान दहा वर्षं ‘मिस्टरांना घेऊन या’ हे वाक्य मी स्वतः म्हणत होते. तसा नियम आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या आधीच्या सिस्टर मागायच्या, म्हणून मी मागायचे. एक बाई आठवते. दोन मुलं होती, नवरा कामाला परराज्यात. तिला मी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आली ती बाळंतपणासाठी नाव घालायला. मला काही बोलली नाही. मीच तिचं नाव दुसऱ्या रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

पुढे आमच्याकडे एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, “ही दुसरी सही कशासाठी घेता?” मला उत्तर देता येईना. त्याला म्हणतात फॉर्म सी, संमतीचा कागद. एका पानाचा असतो. वरच्या भागात बाईचं नाव, वय, पत्ता आणि ‘माझा गर्भ काढण्यास मी संमती देते’ अशा अर्थाचं एक वाक्य, खाली तिची सही. पानाच्या खालच्या भागात तसंच दुसरं वाक्य आहे, पण ते पालकासाठी. मुलगी अठरा वर्षांखालची असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल तरच तो भाग भरायचा. आम्ही तिथे वर्षानुवर्षं नवऱ्यांच्या सह्या घेत होतो. म्हणजे धडधाकट, दोन लेकरांच्या आयांना कागदोपत्री अजाण ठरवत होतो, आणि ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र अगदी चुकीचा नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण होतं, पण ते ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतंच. त्यामुळे लग्न न झालेली मुलगी आली की डॉक्टर दुसरं काहीतरी कारण शोधून लिहायचे, नाहीतर हात वर करायचे. २०२१ च्या दुरुस्तीत हे शब्द बदलून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. लग्न न झालेल्या एका पंचवीस वर्षांच्या मुलीची ती केस होती. विवाहित आणि अविवाहित असा भेद करणं घटनेला धरून नाही, असं कोर्टाने म्हटलं. त्याच निकालात कोर्टाने असंही नोंदवलंय की घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाचा हुकूम अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टर घालतात, आणि हे थांबायला हवं. काउंटरवरच्या माझ्यासारख्यांना हा परिच्छेद मोठ्या अक्षरात छापून द्यायला हवा होता. कोणी दिला नाही.

मग दवाखाने अजून का घाबरतात? वाईटपणा हे सगळ्यांच्या बाबतीत कारण नसतं. आपल्याकडे गर्भपात हा मुळात गुन्हाच आहे. आधी भारतीय दंड संहितेचं ३१२ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ८८. त्यात करणाऱ्याला शिक्षा आहे आणि स्वतःहून करवून घेणाऱ्या बाईलाही. १९७१ चा कायदा म्हणजे या गुन्ह्याला ठेवलेली एक पळवाट, आणि ती डॉक्टरसाठी ठेवलेली. ठरावीक कारणासाठी, ठरावीक मुदतीत, मान्यता मिळालेल्या जागी केलंत तर तुम्हाला शिक्षा होणार नाही, असं तो डॉक्टरला सांगतो. बाईने मागितलं म्हणून करायचं, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. न्यायालयांनी नंतर तिचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात वाचला, २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये. पण तालुक्यातल्या डॉक्टरच्या डोक्यात राहतं ते पोलीस स्टेशन. उद्या हिचा बाप येऊन काचा फोडेल, परवा कोणी तक्रार करेल, त्यापेक्षा एक सही जास्त घेतलेली बरी. त्या सहीने डॉक्टरला कायद्याचं कसलंही जादा संरक्षण मिळत नाही हे कोणी त्यांना समजावून सांगत नाही.

महाराष्ट्रात याच्या जोडीला आणखी एक भीती आहे. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्येच केला, देशाचा १९९४ मध्ये आला. हवाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं, २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेले एकोणीस गर्भ सापडले, आणि प्रत्येक वेळी छाप्यांची आणि तपासण्यांची लाट आली. ती लाट लिंग तपासणाऱ्यांपुरती राहिली नाही. गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशेब कोण देत बसणार म्हणून कितीतरी औषध दुकानांनी त्या ठेवणंच सोडलं. डॉक्टरांनीही ‘गर्भपात’ शब्द असलेल्या पाट्या उतरवल्या. ‘इथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी तेवढी राहिली, आणि ती वाचून गर्भपातच बेकायदेशीर आहे असं वाटणाऱ्या बाया मी डोळ्यांनी पाहिल्यात. सोनोग्राफीला गेलीस तर तिथे ओळखपत्र आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव विचारतील. तो फॉर्म या दुसऱ्या कायद्याचा. त्यात आईचं नाव घालता येतं. तो संमतीचा कागद नव्हे, त्यामुळे तिथेच बिथरून परत फिरू नकोस.

तुला नाही म्हणणाऱ्यांपैकी एखाद्याकडे कदाचित मान्यताच नसेल. ते तोंडावर सांगायला लाज वाटते म्हणून सहीचं निमित्त काढतात. हेही मी पाहिलंय. खाजगी दवाखान्याला गर्भपातासाठी जिल्हा समितीकडून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. समिती येऊन टेबल, भूल, रक्त-सलाईनची सोय, तातडीने हलवायला गाडी, सगळं बघून जाते. डॉक्टरही कोणीही चालत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, किंवा मान्यताप्राप्त केंद्रात पंचवीस गर्भपातांमध्ये मदत करून त्यातले निदान पाच स्वतः केलेला एमबीबीएस, आणि त्यालाही बारा आठवड्यांपर्यंतच. होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाच्या डॉक्टरला परवानगी नाही. सरकारी रुग्णालयाला मात्र हे वेगळं प्रमाणपत्र लागत नाही.

गोळ्यांचं थोडं सैल आहे. नऊ आठवड्यांपर्यंत पात्र डॉक्टर आपल्या साध्या क्लिनिकमधूनही गोळ्या लिहून देऊ शकतात. एखाद्या मान्यताप्राप्त दवाखान्याशी त्यांची व्यवस्था हवी आणि तसं पत्र भिंतीवर लावलेलं हवं. तू साडेसहावर आहेस, म्हणजे हातात अडीच आठवडे आहेत. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. या मोजणीत भलेभले चुकतात, आणि पंधरा दिवस इकडचे तिकडे होतात.

कोणाच्या तरी ओळखीने किंवा ऑनलाइन गोळ्या मागवायचा विचार तुझ्याही मनात आला असेल. तू एकटी नाहीस. २०१५ साली देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले, असा अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. गोळ्या वाईट नाहीत, वेळेत घेतल्या तर त्या चांगलं काम करतात. मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. आमच्याकडे अशी एक मुलगी रात्री आली होती. वाचली, पण काठावर. हिमोग्लोबिन किती आहे हेही आधी बघावं लागतं. म्हणून तपासणी करूनच घे. गोळ्यांनंतर रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त होतो, पोटात जोरात कळा येतात, ते अपेक्षित असतं. पण तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, किंवा थंडी वाजून ताप आलाय, चक्कर येतेय, तर थांबायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. जाताना गोळ्या घेतल्याचं लपवू नकोस.

आता घरी कळेल का, हा तू न विचारलेला प्रश्न. कायदा याबाबतीत कडक आहे. तुझं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गर्भपाताचं रजिस्टर गोपनीय असतं. दवाखान्याच्या इतर कागदांवर नावाऐवजी त्या रजिस्टरमधला क्रमांक घालायचा असतो. तुझी संमती आणि डॉक्टरचं मत एका पाकिटात घालून, ते सील करून, त्यावर ‘गोपनीय’ लिहून ठेवायचं असतं. अशी शेकडो पाकिटं मी चिकटवली. लोक समजतात तेवढी ही माहिती मोकळी पडलेली नसते. गळते ती वॉर्डबॉय, शेजारीण आणि केमिस्ट यांच्या तोंडून. म्हणून जमलं तर आपल्या भागापासून जरा लांबचा दवाखाना बघ.

हे वाचणारी कोणी अठरा वर्षांखालची असेल तर तिच्यासाठी एवढंच: पालकाची संमती लागते, आणि पॉक्सो या बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीची आणि पालकाची विनंती असेल तर त्या अहवालात तिचं नाव न देण्याची मुभा २०२२ च्या त्याच निकालाने डॉक्टरला दिली आहे. वीस आठवड्यांच्या पुढे दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही बलात्कार, विधवा किंवा घटस्फोटित होणं, अपंगत्व, गर्भात दोष अशा ठरावीक परिस्थितीतच, चोवीसपर्यंत. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असला तर वैद्यकीय मंडळ, एरवी कोर्ट. आईचा जीव वाचवायचा असेल तेव्हा आठवड्यांची मर्यादा नाही. तुला यातलं काही लागू नाही.

उद्या सकाळी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत जा. लवकर जा, रांग लांब असते. तिथे एखादी सिस्टर टोमणा मारेल, तो गिळ. खाजगीतच जायचं असेल तर आधी फोन करून सरळ विचार, “तुमच्याकडे एमटीपीचं सर्टिफिकेट आहे का?” दवाखानेवाले गर्भपाताला एमटीपीच म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की बोलणाऱ्याला कळतं की हिला माहिती आहे. कारण विचारलं तर जे खरं आहे ते सांग. गर्भनिरोधक फसलं असेल तर तेवढंच पुरे. आमच्या रजिस्टरमध्ये बहुतेक ओळींत तेच लिहिलेलं असायचं. लग्न झालंय का विचारलं तर ‘नाही’ म्हण. खोटं मंगळसूत्र घालून येणाऱ्या मुली मी पाहिल्यात. मग ‘मिस्टर’ कुठे आहेत हा प्रश्न येतोच आणि तिथे त्या अडकतात.

फॉर्म सी पुढे आला की वरचा भाग नीट वाच, सही कर. खालच्या भागावर बोट ठेवून कोणी ‘इथे आईची’ म्हणालं, तर ‘हा पालकांचा भाग आहे, मी चोवीस वर्षांची आहे’ एवढंच बोल आणि तो भाग तिथल्या तिथे आडवी रेघ मारून रद्द करायला सांग. आम्ही शेवटची काही वर्षं तशीच रेघ मारत होतो.