नोकरी आणि घर सांभाळून लिखाणाला वेळ कसा काढता? लिखाणासाठी नोकरी सोडावी का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात आयटीत आहात, मुलगी दोन वर्षांची आहे, डोक्यात एक कादंबरी आहे आणि रात्री अकरानंतर लॅपटॉप उघडला की झोप येते, म्हणून नोकरी सोडायचा विचार चालू आहे. मी बदलापूरला राहते, सीएसएमटीजवळ केंद्र सरकारच्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, सतरा वर्षं झाली नोकरीला आणि त्यातली बारा वर्षं कथा लिहितेय. तेव्हा जे केलं तेच सांगते.

नोकरी सोडू नका. हे आधी सांगते कारण याचा हिशोब कोणी नीट सांगत नाही. माझ्या कथासंग्रहाची किंमत २५० रुपये, रॉयल्टी १० टक्के, म्हणजे एका प्रतीमागे मला २५ रुपये. पहिली आवृत्ती १००० प्रतींची, ती संपायला चार वर्षं लागली, म्हणजे चार वर्षांत मिळून २५,००० रुपये. मराठीत हजार प्रती संपणं हे चांगलंच समजतात बरं का, हल्ली पाचशेची आवृत्तीसुद्धा काढतात. दिवाळी अंकाचं मानधन येतं पण त्यात घराचा हप्ता भागत नाही. आणि यात कमीपणा काही नाही, आपल्याकडचं बरंचसं चांगलं लिखाण नोकरी करणाऱ्यांनीच केलंय. नारायण सुर्वे गिरणीत होते, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात होते. पगार चालू असला की संपादकाला किंवा प्रकाशकाला "नाही जमणार" म्हणता येतं. मला एका प्रकाशकाने पुस्तकासाठी माझ्याकडूनच पैसे मागितले होते, तेव्हा मी नाही म्हणू शकले ते पगारामुळेच.

आता वेळेचं. मी पहिली तीन-चार वर्षं तुमच्यासारखीच रात्री लिहायला बसायचे आणि रडकुंडीला यायचे. मग कळलं की लिखाण हे एकच काम नाहीये, त्यात चार वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. सुचणं वेगळं, पहिला खर्डा वेगळा, दुरुस्ती वेगळी, प्रुफं वेगळी. माझा पहिला खर्डा लोकलमध्ये होतो. बदलापूरहून सुटणारी गाडी असली की बसायला मिळतं, पण कधी कधी अंबरनाथच्या बायका उलट्या बदलापूरला येऊन सीट धरून बसलेल्या असतात, मग चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकणं, किंवा उभं. बसायला मिळालं की ठाण्यापर्यंत फोनवर अंगठ्याने टाइप करते, शुद्धलेखन बघत नाही, ऱ्हस्व दीर्घ काही बघत नाही, फक्त प्रसंग पुढे नेते, आणि पुढे गर्दीत कोपर हलवायला जागा राहत नाही तेव्हा फोन पर्समध्ये टाकून पात्रं काय बोलतील ते मनात बोलून बघते. समोरची मैत्रीण भाजी निवडत असते, मी हे करत असते. रोज साधारण २०० शब्द होतात. कमी वाटतात पण महिन्यात वीस दिवस धरले तरी ४,००० होतात, म्हणजे एका कथेचा कच्चा मजकूर.

यातली खरी गोष्ट अशी की कथा गार पडू द्यायची नाही. चार दिवस हात लागला नाही की पाचव्या दिवशीचा सगळा वेळ "कुठे होते मी" यातच जातो. म्हणून रात्री ओटा पुसून झाला की मी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकते, उद्याच्या प्रसंगात खोलीत कोण आहे आणि त्याला काय हवंय एवढंच. "काकू आल्यात, त्यांना दागिने परत हवेत पण त्या विचारत नाहीयेत." सकाळी गाडीत तो मेसेज वाचला की हात चालू होतो. याला दोन मिनिटं लागतात, पण त्या रात्रीच्या वर्षांनंतरचं माझं सगळं लिखाण यावरच चाललंय असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे वर्ष आखून घ्या, नुसता दिवस नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दिवाळी अंकांची पद्धत आहे, त्यामुळे माझं वर्ष त्यावर चालतं. माझ्याकडून जून-जुलैपर्यंत कथा मागतात. मग जानेवारी-फेब्रुवारीत खर्डा, मार्चला शून्य कारण इयर एंडिंगला ऑफिसात मान वर करता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दुरुस्ती. मार्चमध्ये लिहायचं नाही हे एकदा ठरवून टाकलं तेव्हा मार्चचा त्रासच गेला. तुमचे रिलीजचे आठवडे असतील ते असेच सोडून द्या.

२०१९ ला मात्र माझं चुकलं. सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या आणि मी एका अंकाला शब्द दिलेला, तो मोडवेना, म्हणून वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून कथा पुरी केली. ती छापून आली आणि मला आजही ती उघडवत नाही, कारण कथा कच्ची होती आणि त्या दिवसांत सासूबाईंजवळही मी पुरती नव्हते. त्यानंतर घरात आजारपण असलं की मी सरळ फोन करून कळवते, संपादक समजून घेतात.

ऑफिसचं पण बघून घ्या. आम्हाला १९६४ चे आचरण नियम लागू आहेत, त्यात अधूनमधून साहित्यिक काम करायला आधी परवानगी लागत नाही, फक्त कामावर परिणाम व्हायला नको. हे मला माहीत नव्हतं आणि एका सहकाऱ्याने तक्रार करीन म्हटल्यावर मी दोन महिने घाबरून लिहिलंच नाही. तुमचं खाजगी आहे, तर अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरच्या कामाबद्दल आणि तुम्ही तयार केलेल्या गोष्टींच्या मालकीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर कादंबरीची एक ओळसुद्धा ठेवू नका.

घराबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय. माझा मुलगा तिसरीत असताना मला पाढे म्हणून दाखवत होता, मी एका कथेच्या शेवटात अडकलेले, तो म्हणाला सात आठे चोपन्न आणि मी म्हणाले हो, बरोबर. त्याने मुद्दामच चुकीचं म्हटलं होतं, मी ऐकतेय का ते बघायला. काही न बोलता वही मिटून आत गेला. त्या दिवसापासून संध्याकाळी सात ते दहा मी लिहीत नाही, फोनवर नाही आणि मनातही नाही, मनातलं बंद करायला वर्ष लागलं. त्याच्या बदल्यात शनिवारी सकाळी सात ते नऊ माझे, तेव्हा दुरुस्ती करते, चहा-नाश्ता नवरा बघतो, बेल वाजली तर तोच उठतो. आणि रविवारी सकाळी तेवढाच वेळ त्याचा, तो ट्रेकला जातो नाहीतर मित्रांकडे, मी विचारत नाही. हे देणं-घेणं सरळ बोलून ठरवलं, त्याआधी आम्ही दोघंही मनातल्या मनात हिशोब ठेवत होतो.

तुमच्या प्रश्नात मुलगी आहे, नोकरी आहे, कादंबरी आहे, पण तुमच्या मिसेसना स्वतःसाठी वेळ कधी मिळतो ते कुठे आलं नाही. दोन वर्षांचं मूल असलेल्या घरात तुम्ही दोन तास दार लावून बसलात की ते दोन तास कोणाकडून तरी येतात. या शनिवारी त्यांना विचारून बघा की त्यांना आठवड्यातले कोणते दोन तास हवेत.