प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कॉन्फरन्सला गेलं तर पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट) रिन्यूअलसाठी पीडीयू (ते टिकवायला लागणारे पॉइंट) मिळतात का?

हो मिळतात, पण ज्या सेशनला तुम्ही खरोखर बसलात तेवढ्याच तासांचे, शिकण्याचा 1 तास म्हणजे 1 पीडीयू, चहा-जेवणाची सुट्टी आणि स्टॉलवरच्या गप्पा धरत नाहीत. पीएमआयच्या (हे सर्टिफिकेट देणारी संस्था) नियमाने 3 वर्षांत 60 लागतात, त्यातले निदान 35 शिक्षणाचे, आणि त्यातही वेज ऑफ वर्किंग (कामाच्या पद्धती), पॉवर स्किल्स (नेतृत्व, संवाद), बिझनेस अॅक्युमेन (व्यवसायाची समज) या तिन्हीत किमान 8-8. गाडी अडते ती इथेच, दोन्ही दिवस शेड्युलिंग नि अजाईलचीच सेशन्स केली की पहिला रकाना भरतो, बाकीचे दोन तसेच रिकामे. म्हणून अजेंडा हातात आला की आधी सीसीआरएस या पीएमआयच्या पीडीयू नोंदवायच्या पोर्टलवर लॉगिन करून कुठे कमी पडतंय ते बघा आणि मगच सेशन निवडा, प्रोग्रॅम मॅनेजमेंटच्या ट्रॅकमधली बेनिफिट्स, स्ट्रॅटेजीवरची सेशन्स बिझनेस अॅक्युमेनमध्ये छान बसतात. हजेरीचं सर्टिफिकेट नि अजेंडा जपून ठेवा, ऑडिट लागलं तर पुरावा म्हणून तेच कामाला येतं. फक्त तुम्ही स्वतः तिथे बोलणार असाल तर ते तास शिक्षणात नाही, गिव्हिंग बॅकमध्ये (आपलं ज्ञान इतरांना देण्याचा प्रकार) जातात, आणि त्याला एकूण 25 पीडीयूची मर्यादा आहे.