सरन्यायाधीशांचं मत बाकीच्या न्यायाधीशांपेक्षा वरचढ असतं का?

नाही. खंडपीठावर बसले की त्यांचंही मत एकच. २०१७ च्या तिहेरी तलाक खटल्यात सरन्यायाधीश जगदीशसिंह खेहर अल्पमतात गेले आणि ३ विरुद्ध २ असा लागलेला निकाल त्यांच्या मताविरुद्ध होता! अमेरिकेतही २०१५ मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स अल्पमतातच होते.

खरी ताकद निकालाआधीच असते. भारतात कोणता खटला कोणत्या खंडपीठापुढे जाणार, त्यावर किती आणि कोण न्यायाधीश बसणार, हे सरन्यायाधीश ठरवतात. ‘मास्टर ऑफ द रोस्टर’ म्हणतात ते यालाच. माझ्या मते या पदाबद्दल बोलताना सगळ्यात आधी हाच अधिकार तपासायला हवा, कारण तो सहसा बातमीत येत नाही.